दिवाणावर बसलेला मुलगा

पुणे
९ नोव्हेंबर २०२३

प्रिय आई,

अक्षर ओळखून काळजात धस्स झालं असेल, तर आधीच सांगते, काही वाईट बातमी नाही. फोनवर आपण दोघी 'जेवण झालं का' आणि 'थंडी पडली का' याच्या पुढे जात नाही. मग दोन्हीकडे शांतता होते आणि तुम्ही म्हणता, 'ठेवते, कुकर लावलाय.' म्हणून हे पत्र.

माझ्या सिनेमाला शेवटी निर्माता मिळाला. उन्मेष असताना लिहायला घेतला होता, तो हा नव्हे. हा तो गेल्यानंतरचा. गोष्ट एवढीच: एक तरुण मुलगा आजारानं जातो. गेल्यावर त्याच्या लक्षात येतं, की तेरवीपर्यंत आपल्याला घरातच राहायचं आहे. तो सगळ्यांना पाहतो, ऐकतो. त्याला कुणी पाहत नाही. तो दिवाणावर बसून राहतो. आई तांदूळ निवडते, वडील पेपर वाचतात, पाहुणे येतात-जातात, बायको कपाट आवरते. तेराव्या दिवशी माणसं जेवून उठतात आणि तोही उठून जातो. भुतंखेतं नाहीत, गाणी नाहीत, कॅमेरासुद्धा फारसा हलत नाही. निर्माते म्हणाले, इतका संथ सिनेमा कोण पाहणार? मी म्हटलं, ज्यांच्या घरात असे दिवस गेलेत ते पाहतील.

आता मुख्य ते. फेब्रुवारीत तीन आठवडे मला हा सिनेमा बेसाच्या आपल्या घरात करायचा आहे. लिहिताना दर वेळी मला तेच घर दिसतं, समोरच्या खोलीतला दिवाण आणि त्याच्यावरची खिडकी. संहिता सोबत पाठवते आहे. वाचा आणि मग ठरवा. बाबांना सांगायचं की नाही, तेही तुम्हीच ठरवा. नाही म्हणालात तरी मी समजून घेईन.

तुमची
नूपुर


बेसा, नागपूर
२६ नोव्हेंबर २०२३

चि. नूपुर,

पत्र मिळालं. संहिता दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचली ती राग आला म्हणून.

घर मिळणार नाही. कारण सांगते, नाहीतर तुला वाटेल सासू आडमुठी आहे. तुझ्या गोष्टीत त्या मुलाला आई दिसते. आईला काय दिसतं, ते तू लिहिलंच नाहीस. मला रिकामा दिवाण दिसतो. दोन वर्षं होऊन गेली, अजून मी त्याच्यावर वाळलेले कपडेसुद्धा टाकत नाही. आता तिथे कुणी परका मुलगा येऊन बसला आणि तीन आठवड्यांनी सामान बांधून गेला, तर माझा एकुलता एक मुलगा त्या घरातून दुसऱ्यांदा जाईल. मला ते झेपणार नाही.

आणि ती बायको. अकराव्या दिवशी बॅग भरते आणि मागे न पाहता निघून जाते. तूही तशीच गेलीस. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. तुझं काम होतं, वय होतं. पण ते पडद्यावर दाखवून तुला नेमकं कुणाला पटवायचं आहे?

बाबांना काही सांगितलेलं नाही. ते उन्मेषचं नाव काढत नाहीत. दिवसभर टीव्ही लावून बसतात, तोही आवाज बंद करून. काहून म्हणून विचारलं, तर म्हणतात, खालची पट्टी वाचतो. दोन वर्षांपासून एवढंच बोलून राहिले माझ्याशी. त्यांना यात ओढू नकोस. संहिता मी गादीखाली ठेवली आहे.

नागपुरात आलीस तर घरी येऊ नकोस. राग म्हणून नाही सांगत. तू येऊन गेलीस की पुढचे कितीतरी दिवस आम्हाला घर खायला उठतं.

शाल काढून ठेव. दर डिसेंबरात तुला खोकला होतो.

आई


प्रताप नगर, नागपूर
१२ फेब्रुवारी २०२४

प्रिय आई,

तुम्ही येऊ नकोस म्हणालात, म्हणून प्रताप नगरातून बेसाला पोस्टानं पत्र पाठवते आहे. खिडकीवरच्या माणसानं पत्ता वाचला आणि म्हणाला, 'मॅडम, इथून ऑटो जाते ना.'

इथे एक घर मिळालं आहे. मालक मुलाकडे बंगळूरला असतात. आपल्या घरासारखं नाही, पण खिडकीतून दुपारचं ऊन चांगलं येतं. शूटिंग सुरू होऊन आठवडा झाला.

एक गोष्ट तुम्हाला सांगू नको असं मला बजावलं गेलं आहे. मी सांगते. बाबा इथे येतात.

पहिल्या दिवशी ते फाटकाशी स्कूटर लावून हातात हेल्मेट घेऊन उभे होते. मी विचारलं, 'बाबा, आईंना माहीत आहे?' म्हणाले, 'बँकेत जातो सांगून आलो.' गादी उन्हात टाकायला उचलली, तेव्हा त्यांना संहिता सापडली. पूर्ण वाचली आणि पहिल्या पानावरच्या निर्मात्यांच्या नंबरावर फोन करून इथला पत्ता विचारला म्हणाले. मग कॅमेऱ्यामागे प्लास्टिकच्या खुर्चीत बसले ते संध्याकाळीच उठले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले.

काल दिवे लावायला वेळ लागत होता. आर्यन म्हणून मुलगा आहे, तो मेलेल्या माणसाचं काम करतो. तो दिवाणावर बसून होता. बाबांनी खुर्ची उचलली आणि त्याच्याजवळ जाऊन बसले. मला वाटलं, पाणी हवं का विचारतील. त्यांनी विचारलं, 'तिकडे भूक लागते का रे?'

आर्यनला आपल्या घरचं काही माहीत नाही. मी इथे फारसं कुणाला सांगितलेलं नाही. तो हसेल अशी मला भीती वाटली. पण तो बाबांकडे वळून म्हणाला, 'नाही काका. इकडे भूक नाही लागत.'

'दुखतही नसेल.'

'नाही. काहीच दुखत नाही.'

'बरं झालं,' बाबा म्हणाले. त्यांनी हेल्मेट खोलीतच डोक्यात घातलं आणि तसेच बाहेर गेले.

शेवटच्या महिन्यात उन्मेषला तोंडानं काही द्यायचं नव्हतं. तो बाबांकडे तर्री-पोहे मागायचा आणि बाबा रोज म्हणायचे, उद्या आणतो. तुमच्याइतकं ते कुणाला ठाऊक असणार. मला राहवलं नाही म्हणून लिहिते आहे.

तुम्ही विचारलं होतं, कुणाला पटवायचं आहे. मी बरेच दिवस त्याचा विचार केला. त्या घरात राहिले असते तर आपण तिघंही एकमेकांना जपत, कुजबुजत जगलो असतो. मला मोठ्यानं रडायचं होतं. तुमच्यासमोर ते जमलं नसतं. सिनेमातली ती मुलगी मागे पाहत नाही, कारण पाहिलं तर तिचा पाय निघणार नाही. कुणाला पटवण्यासाठी नाही ते.

बाबांना रागावू नका.

नूपुर


बेसा
१७ फेब्रुवारी २०२४

चि. नूपुर,

रागावले. आधी त्यांच्यावर, मग तुझ्यावर, मग त्या आर्यनवर.

पत्र आलं त्या दिवशी हे पुन्हा निघाले. मी विचारलं, 'बँकेत इतकं काय काम असते रोज?' म्हणाले, 'पासबुक भरायचं आहे.' मी म्हटलं, 'प्रताप नगरात पासबुक भरून देतात का?' तेव्हा हेल्मेट टेबलावर ठेवून खाली बसले.

मी खूप बोलले, नूपुर. घरात मी आहे, जन्मभराची बायको, आणि तुम्ही पोराचं विचारता कुणाला, तर रंग लावून बसलेल्या परक्या मुलाला. माझ्याशी का नाही बोलत? ते म्हणाले, 'तू रडली असतीस.' मी म्हटलं, 'मग रडले असते. काय झालं असतं?' मग म्हणाले, 'मी उद्या आणतो म्हणायचो, तेव्हा त्याला माहीत असायचं की मी आणणार नाही. तरी तो हो म्हणायचा.' आणि तेच रडले. लग्नानंतर मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं.

त्यानंतर आम्ही त्याच्याबद्दलच बोलत होतो. जेवताना, जेवण झाल्यावरही. शाळेत असताना त्यानं मांजर दप्तरात घालून नेली होती, ते ह्यांना माहीतच नव्हतं. त्या वेळी ह्यांची बदली गोंदियाला होती. इतक्या वर्षांनी मला हसून विचारतात, 'मग मास्तर काय म्हणाले?'

मी येणार आहे पाहायला. ह्यांच्या मागे स्कूटरवर बसून येईन. माझी ओळख करून देऊ नकोस आणि माझ्यासाठी खुर्ची पुसत बसू नकोस.

आई


पुणे
८ मार्च २०२४

प्रिय आई,

शूटिंग संपलं. पुण्याला येऊन चार दिवस नुसती झोपले.

तुम्ही पहिल्यांदा आलात त्या दिवसाबद्दल मला लिहायचं आहे. ओळख करून देऊ नको म्हणालात, म्हणून मी गप्प राहिले. आर्यन दिवाणावर पाय पसरून बसलेला आणि सिनेमातली आई हातात धुणं घेऊन त्याच्या समोरून जाते, असा साधा शॉट होता. आम्ही तो सकाळपासून करत होतो आणि तो निर्जीव वाटत होता. का, ते कुणालाच कळत नव्हतं. तेव्हा मागून तुमचा आवाज आला, 'त्याचे पाय मधे येतात. ती "पाय घे" म्हणेल.'

मी म्हटलं, 'आई, तिला तो दिसत नाही.'

तुम्ही म्हणालात, 'दिसत नाही म्हणून काय झालं? सवय आहे तोंडाला. मी अजून म्हणते.'

पुढच्या वेळी ती बाई धुणं घेऊन आली, दिवाणाजवळ पोचली आणि सहज म्हणाली, 'पाय घे.' आणि थांबली. आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं. आर्यननं हळूच पाय जवळ घेतले. प्रेमानंदला, म्हणजे आमच्या कॅमेरामनला, मी खूण करायची होती. मी विसरले. त्यानंही कॅमेरा बंद केला नाही. ती धुणं छातीशी धरून कितीतरी वेळ तशीच उभी होती.

तुम्ही म्हणाला होतात, आईला काय दिसतं ते मी लिहिलं नाही. ते तुम्ही लिहिलंत.

बाकी सगळं ठीक. कामात आहे.

नूपुर


बेसा
२१ मार्च २०२४

चि. नूपुर,

'बाकी सगळं ठीक, कामात आहे' हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं.

शूटिंगच्या शेवटच्या दिवशी मी पुन्हा आले, तेव्हा कळमेश्वरहून एक बाई सगळ्यांसाठी वांग्याची भाजी आणि भाकरी घेऊन आल्या होत्या. शोभाताई. त्या माझ्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, 'तुम्ही नूपुरच्या सासूबाई न? मी प्रेमानंदची माय. माह्या पोरानं मले सगळं सांगितलं. मी म्हटलं, मंग लगन काहून नाही करून राहिले? तर म्हणते, आधी तिले तिच्या सासूले सांगू दे. वर्सभर झालं, ते काही सांगून नाही राहिली. तुम्ही लय कडक आहा का वं?'

मी म्हटलं, 'भाजी छान झाली आहे.'

तुझ्या मनात कुणी आलं याचा मला राग नाही. खरं सांगायचं तर थोडं दुखलं, ते दुखणारच. राग आला तो परक्या बाईकडून कळलं याचा. मी त्या मुलाला तिथे पाहिलंही होतं. तुला चहा देताना कप कानाच्या बाजूनं तुझ्याकडे फिरवून देत होता. मला वाटलं, चांगल्या घरचं वळण आहे. आणि तू माझ्यापासून दहा पावलांवर उभी राहून मला काही सांगितलं नाहीस.

मला वेळ लागेल. लगेच पत्र पाठवू नकोस.

आई


पुणे
२ एप्रिल २०२४

प्रिय आई,

नको म्हणालात तरी लिहिते आहे. हे एकच, मग थांबेन.

मी घाबरले होते. उन्मेष सकाळी कसा शिंकायचा, चिडला की कशा भांड्यांच्या जागा बदलायचा, हे माझ्याशिवाय फक्त तुम्हा दोघांना माहीत आहे. मला वाटलं, दुसरं लग्न केलं की त्याच्याबद्दल तुमच्याशी बोलायचा माझा हक्क जाईल. तुम्ही चांगलंच वागाल, साडीही द्याल, पण 'आई' म्हणून हाक मारली की तुम्ही दचकाल. आपल्या फोनमधल्या त्या शांततेलाही मी धरून होते. ती तरी आपली होती.

प्रेमानंद चांगला माणूस आहे. मी उन्मेषबद्दल बोलायला लागले की तो उठून जात नाही आणि विषयही बदलत नाही. मी त्याच्याशी लग्न करणार आहे, हे तुमच्यापासून लपवणं आता बंद करते. तुम्ही त्यात असावं अशी फार इच्छा आहे. नसाल तरी तुमच्यावर रुसणार नाही.

तुमची
नूपुर


पुणे
११ डिसेंबर २०२४

प्रिय आई आणि बाबा,

एप्रिलपासून उत्तर नाही. मधे दोनदा फोन केला तेव्हा बाबा म्हणाले, ती बाहेर गेली आहे. मी समजले आणि पुन्हा केला नाही.

सिनेमा पुरा झाला. १८ जानेवारीला संध्याकाळी नागपुरात, सिव्हिल लाइन्सच्या एका सभागृहात दाखवणार आहेत. दोन पास सोबत आहेत. तिथे मी तुम्हाला शोधत येणार नाही. तुम्हाला वाटलं तरच भेटा.

फेब्रुवारीत आम्ही नागपुरातच नोंदणी पद्धतीनं लग्न करतो आहोत. बाहेरून कळू नये म्हणून सांगते आहे.

नूपुर


बेसा
२० जानेवारी २०२५

चि. नूपुर हिस आशीर्वाद.

मी, मार्तंड, लिहितो आहे. पाटबंधारे खात्यात जन्मभर पत्रंच लिहिली, पण ती सगळी 'उपरोक्त विषयास अनुसरून' अशी. हे तसं झालं तर सांभाळून घे.

सिनेमा पाहिला. तुला न भेटता निघालो. सुमतीचे डोळे सुजले होते आणि तिला तसं कुणासमोर यायचं नव्हतं. तू दारात उभी राहून लोकांचे चेहरे पाहत होतीस, ते आम्ही ऑटोतून पाहिलं. ऑटो थांबवायला हवा होता. घरी येईपर्यंत आम्ही दोघंही तेच म्हणत होतो.

सिनेमा संथ आहे. मधूनच काही लोक उठून गेले. माझ्या शेजारचा माणूस घोरायला लागला. मी त्याला उठवलं नाही. त्याच्या घरी अजून असं काही झालं नसेल, झोपू दे म्हटलं. 'पाय घे' आलं, तेव्हा सुमतीनं माझा हात धरला, तो दिवे लागेपर्यंत सोडला नाही.

मेल्यावर माणूस तेरा दिवस घरात राहतो की नाही, मला माहीत नाही. त्याच्यापुढे काय असतं, तेही माहीत नाही. पण शेवटी तो मुलगा उठतो आणि फाटकातून बाहेर पडून रस्त्यानं चालत जातो, ते तू खूप वेळ दाखवलं आहेस. तो अगदी लहान होईपर्यंत. मी त्याची चाल पाहत होतो. कुठे दुखत असलेल्या माणसाची ती चाल नव्हती. आपला उन्मेष शेवटी भिंत धरून चालायचा. माझ्या डोळ्यांसमोर तीन वर्षं तेच होतं. आता हेही असेल.

दुसरं. सुमती रागावली आहे असा तुझा समज झालेला दिसतो. पहिला महिना रागावली होती. मग एके दिवशी म्हणाली, 'कळमेश्वरला जाऊन येऊ.' आम्ही शोभाताईंकडे गेलो, न कळवता. हिचं म्हणणं, कळवून गेलं की घर आवरलेलं असतं. त्यानंतर ती एकटी बसनं कितीदा गेली, त्याचा हिशेब मी ठेवला नाही. तू फोन केलास तेव्हा ती तिथेच होती. शेजारणीला विचारलं, मुलगा पितो का. किराणा दुकानात विचारलं, बोलायला कसा आहे. त्याच्या मोठ्या बहिणीकडूनही माहिती काढली. शेवटी शोभाताई म्हणाल्या, 'बाई, एवढं तं माह्या पोरीच्या वक्ती मीनं नव्हतं पाह्यलं. तुम्ही कोणाकडून येऊन राहिल्या?' ही म्हणाली, 'मुलीकडून. मुलगी द्यायची आहे, चौकशी नको का करायला?'

तुला कळवू नका असं त्यांना हिनंच बजावलं होतं. सगळं नीट पाहून झालं की स्वतः लिहीन म्हणायची. मग कागद घेऊन बसायची आणि तुझ्या एप्रिलच्या पत्राला काय उत्तर द्यावं ते सुचायचं नाही. म्हणायची, 'आई म्हटल्यावर मी दचकेन असं तिला वाटलंच कसं?' तेवढंच लिही म्हटलं, तर म्हणे, ते फार कमी होतं. असे महिने गेले. काल मी म्हटलं, आता मी लिहितो.

आत्ता ती स्वयंपाकघरातून सांगते आहे, की लग्नाच्या आधी चार दिवस दोघं इथे राहायला या. प्रेमानंदला दिवाणावर झोपावं लागेल, उंच आहे म्हणून पायाशी स्टूल लावू. आणि पुण्यात राहणार की नागपुरात, तेही विचारायला सांगते आहे. नागपुरात राहिलात तर आम्हाला आवडेल, पण आमच्यासाठी राहू नका.

नोंदणी कार्यालयात मी चौकशी करून आलो. तीन साक्षीदार लागतात. त्यातले दोन आम्ही. तिसरा तुम्ही पाहा. ओळखपत्राच्या प्रती काढून ठेवल्या आहेत. तारीख कळली की कळव, सकाळची वेळ असेल तर बरं. आणि सुमती सही मराठीत करते, नावापुढे आडनाव लिहीत नाही. ते चालतं का, तेवढं विचारून ठेव.

बाबा